न पडणारे अडथळे

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आष्टी नावाचा तालुका आहे. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा भाग. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. पाऊस रुसला म्हणजे विहिरींचा तळ दिसू लागतो आणि शेतकऱ्याच्या हाताला काम उरत नाही. दसरा सरला की या भागातील कितीतरी कुटुंबे मुलाबाळांसह ऊसतोडीला दूरच्या साखर कारखान्यांकडे जातात. जी गावात राहतात, ती मिळेल ते काम करून पोट भरतात. याच तालुक्यातील मांडवा या खेड्यात १३ सप्टेंबर १९९४ रोजी अविनाश साबळे याचा जन्म झाला.

अविनाशचे आईवडील शेतकरी. पण केवळ शेतीवर घर चालत नसे, म्हणून ते वीटभट्टीवरही राबत. माती कालवावी, साच्यात भरावी, विटा उन्हात वाळवाव्यात आणि भट्टीत रचाव्यात, असे ते कष्टाचे काम. शाळा घरापासून सुमारे सहा किलोमीटर दूर होती आणि जाण्यायेण्यास वाहन नव्हते. अविनाश ती वाट कधी चालत, तर कधी धावत कापी. त्या वेळी त्याच्या मनात ना पदक होते, ना पराक्रम. शाळेची घंटा होण्याच्या आत पोचावे, एवढाच त्याचा हेतू. पण दररोजच्या त्या वाटेने त्याच्या पायांत जे बळ साठवले, ते पुढे जगाला दिसायचे होते.

बारावी झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. घरची ओढाताण तो लहानपणापासून पाहत आला होता. त्याने सैन्यात भरती होण्याचे ठरवले. महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत तो दाखल झाला. खेळाडू व्हावे म्हणून तो सैन्यात गेला नव्हता. घराला आधार व्हावा म्हणून गेला होता.

सैनिकाचे जीवन म्हणजे निसर्गाशी नित्याची झुंज. २०१३–१४ साली त्याची नेमणूक सियाचीनच्या हिमनदीवर झाली. तेथे बाराही महिने बर्फ असते, हवा विरळ असते आणि चार पावले चालले तरी धाप लागते. त्यानंतर तो राजस्थानच्या वाळवंटात गेला. तेथे पायाखाली तापलेली वाळू आणि डोक्यावर रणरणते ऊन. पुढे सिक्कीमच्या डोंगरांत त्याला पाठवण्यात आले. थंडी, ऊन आणि चढउतार या तिन्ही परीक्षा त्याच्या शरीराने दिल्या.

त्याच्याबरोबरचे जवान त्याचे धावणे पाहत होते. आपल्यातील एखाद्याच्या अंगचा गुण त्याच्या स्वतःच्या आधी सोबत्यांच्या लक्षात येतो, असे पुष्कळदा घडते. सैन्यात दरवर्षी रानोमाळ धावण्याच्या शर्यती होतात. त्यांत तू भाग घेतलाच पाहिजेस, असा सोबत्यांनी अविनाशला आग्रह केला. २०१५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो अशा शर्यतीत पहिल्यांदा उतरला. मोठमोठे धावपटू लहानपणापासून तालमीत तयार होतात. अविनाशची सुरुवात त्या मानाने फार उशिरा झाली. सोबत्यांनी आग्रह केला नसता, तर ती कदाचित झालीही नसती.

येथून पुढची वाट सरळ असेल असे कोणास वाटेल. पण ती तशी नव्हती. त्याला दुखापत झाली. सराव सुटला. सराव सुटला म्हणजे शरीर सैल पडते. अविनाशचे वजन इतके वाढले की त्याला धावपटू म्हणण्यास कोणी धजले नसते. अशा वेळी माणसापुढे दोन वाटा असतात. दुखापतीला दोष देऊन स्वस्थ बसावे, ही एक वाट. ती सोपी असते आणि तिच्यावर कोणी नावेही ठेवत नाही. झाले ते मान्य करून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा, ही दुसरी. अविनाशने दुसरी वाट धरली. सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्या जड झालेल्या शरीराआड लपलेले बळ ओळखले आणि त्याला हाताशी घेतले. तीन महिन्यांत अविनाशने सुमारे वीस किलो वजन घटवले. तीन महिने रोज पहाटे उठून घाम गाळणे आणि समोर आलेल्या ताटाला आवर घालणे किती कठीण असते, हे ज्याने प्रयत्न केला असेल त्यालाच ठाऊक.

अमरीश कुमार यांनी त्याला एक निराळीच शर्यत शिकवण्याचे ठरवले. ती होती ३,००० मीटर अडथळ्यांची शर्यत, म्हणजेच स्टीपलचेस. ‘स्टीपल’ म्हणजे चर्चचा उंच मनोरा. पूर्वी आयर्लंड आणि इंग्लंडमध्ये घोडेस्वार एका गावच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत शर्यत लावीत. वाटेत कुंपणे, दगडी भिंती, ओढेनाले लागत. त्यांवरून उड्या घेत पुढे जावे लागे. त्याचीच आठवण या शर्यतीत राहिली आहे. पुरुषांच्या शर्यतीत धावपटूला अठ्ठावीस वेळा अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा, अशा एकूण पस्तीस उड्या घ्याव्या लागतात. अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते.

या अडथळ्यांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. छोट्या पल्ल्याच्या शर्यतीतील अडथळा हलका असतो. त्याला पाय लागला तर तो पडतो आणि धावणारा पुढे जातो. स्टीपलचेसचा अडथळा जाड तुळईचा आणि फार वजनदार असतो. त्याला धडक बसली तर तो पडत नाही, माणूस पडतो. पाण्याच्या खड्ड्याचीही तीच तऱ्हा. खड्डा अडथळ्याजवळ सर्वांत खोल असतो आणि पुढे पुढे उथळ होत जातो. धावपटू तुळईवर एक पाय रोवतो आणि जोराने पुढे झेपावतो. पाणी दिसताच भिऊन ज्याने गती कमी केली, त्याची उडी आखूड पडते आणि तो खोल पाण्यातच उतरतो. भीतीने गती जाते आणि गती गेली म्हणजे ज्याची भीती वाटत होती तेच घडते.

पायांत बळ, छातीत दम आणि अंगात काटकपणा असणाऱ्या अविनाशला ही शर्यत मानवली. २०१७ साली त्याने तिचा सराव आरंभला आणि २०१८ साली भुवनेश्वर येथील राष्ट्रीय स्पर्धेत त्याने ती ८ मिनिटे २९.८० सेकंदांत पूर्ण केली. १९८१ साली गोपाल सैनी यांनी ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. तो सदतीस वर्षे अबाधित होता. तो विक्रम झाला तेव्हा अविनाशचा जन्मही झालेला नव्हता.

पुढल्याच वर्षी, २०१९ च्या ऑक्टोबर महिन्यात, कतारमधील दोहा येथे जागतिक स्पर्धा झाली. प्राथमिक फेरीत अविनाशची खरी कसोटी लागली. धावपटूंच्या गर्दीत धक्काबुक्की झाली, पायांत पाय अडकले आणि त्याची लय मोडली. जगातील उत्तम धावपटूंमध्ये एकदा मागे पडलेला माणूस पुन्हा पुढे येणे कठीण. आता धावून काय उपयोग, असा विचार मनात येण्यासारखाच तो प्रसंग होता. अविनाश मात्र धावतच राहिला. त्याने ८ मिनिटे २५.२३ सेकंदांत शर्यत संपवली. अडखळूनही तो स्वतःच्या राष्ट्रीय विक्रमापेक्षा जलद धावला होता!

तरीही त्याला अंतिम फेरीत जागा मिळाली नव्हती. भारताच्या पथकाने पंचांकडे दाद मागितली. अविनाशला अडथळा झाला होता, हे पंचांनी मान्य केले आणि त्याला अंतिम फेरीत प्रवेश दिला. त्याने मध्येच पाऊल थांबवले असते, तर दाद मागण्यास जागाच उरली नसती. दुसऱ्याचे न्याय देणे दुसऱ्याच्या हाती असते. पण आपले काम शेवटपर्यंत नेणे आपल्या हाती असते. अंतिम फेरीत तो तेरावा आला. त्याची वेळ होती ८ मिनिटे २१.३७ सेकंद. हा पुन्हा नवा राष्ट्रीय विक्रम होता. या धावेने टोकियोच्या ऑलिंपिकचे दार त्याला उघडले.

टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली पार पडले. तेथे अविनाशने पुन्हा आपला विक्रम सुधारला, परंतु अंतिम फेरी त्याला गाठता आली नाही. आणखी गती हवी होती. त्यासाठी तो अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या ठिकाणी सरावास गेला. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवा विरळ असते. तेथे सराव केला की शरीर थोड्या प्राणवायूवर अधिक काम करण्यास शिकते आणि रक्तातील तांबड्या पेशी वाढतात. तेथील प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्या मार्गदर्शनाखाली पारुल चौधरी, गुलवीर सिंग, कार्तिक कुमार असे भारताचे इतर धावपटूही पुढे सराव करू लागले. घरापासून हजारो कोसांवर पहाटे उठून लांब पल्ला एकट्याने तोडणे जड जाते. शेजारी आपल्या देशाचा सोबती धावत असला की तोच पल्ला सुसह्य होतो. धावण्याची शर्यत एकट्याची असते, पण धावपटू एकट्याने घडत नाही.

२०२२ च्या जून महिन्यात मोरोक्कोतील राबात येथे अविनाशने ८ मिनिटे १२.४८ सेकंदांची वेळ नोंदवली. आता जागतिक स्पर्धेत त्याच्याकडून मोठी आशा होती. ही स्पर्धा जुलै महिन्यात अमेरिकेतील युजीन येथे भरली. अविनाश अंतिम फेरीत पोचला. पण त्या दिवशी शर्यत विलक्षण संथ झाली. पुढे होऊन गती वाढवण्यास कोणीच तयार नव्हते. जो तो दुसऱ्याकडे पाहत होता. अविनाशही घोळक्यातच राहिला. शेवटच्या फेरीत इतरांनी एकाएकी झेप घेतली आणि तो मागे पडला. त्याचा क्रमांक लागला अकरावा, वेळ ८ मिनिटे ३१.७५ सेकंद. या शर्यतीच्या विजेत्याला ८ मिनिटे २५.१३ सेकंद लागले होते. म्हणजे अविनाश अवघ्या सहा आठवड्यांपूर्वी ज्या गतीने धावला होता, ती त्या दिवशीच्या जगज्जेत्याच्या गतीपेक्षाही अधिक होती!

मग तो हरला कसा? पायांत बळ कमी होते म्हणून नव्हे. इतरांच्या गतीने आपली गती ठरू दिली, म्हणून. शेवटच्या क्षणी झेप घेणे हे त्याचे बळ नव्हते. आरंभापासून भरधाव गती राखून ती टिकवणे हे त्याचे बळ होते. ते त्याने वापरलेच नाही. अशी चूक शर्यतीच्या मैदानावरच होते असे नाही. चार मित्र अभ्यास टाळतात म्हणून आपणही टाळतो. दहा जण एखाद्याची टर उडवतात म्हणून आपणही हसतो. घोळक्यात राहिले की सुरक्षित वाटते. आपण मागे पडत आहोत हे मात्र शेवटच्या फेरीतच कळते.

चूक उमगणे ही अर्धी दुरुस्ती. उरलेली अर्धी कृतीने करावी लागते. तीन आठवडेही लोटले नव्हते, तोच ६ ऑगस्ट २०२२ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत अविनाश पुन्हा मैदानात उतरला. या शर्यतीवर केनिया देशाचे राज्य होते. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत तिन्ही पदके केनियाच्याच धावपटूंनी नेली होती. याही वेळी केनियाचे तीन नामांकित धावपटू त्याच्यासमोर होते. त्यांत एक माजी ऑलिंपिक विजेता होता. या वेळी अविनाश मागे दडला नाही. त्यांच्या गतीशी गती मिळवून तो धावत राहिला. शेवटच्या सरळ पट्ट्यात त्याने सारे बळ एकवटले. केनियाचा अब्राहम किबिवोत ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत पोचला, अविनाश ८ मिनिटे ११.२० सेकंदांत! दोघांमध्ये अंतर होते एका सेकंदाच्या विसाव्या भागाचे. डोळ्याचे पाते लवण्यास याहून अधिक वेळ लागतो. १९९४ नंतर केनियाबाहेरच्या धावपटूने या शर्यतीत मिळवलेले ते पहिलेच पदक. त्याच वर्षी भारत सरकारने त्याला अर्जुन पुरस्कार दिला.

एकदा शिकलेला धडा जन्मभर पुरतो असे मात्र नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हंगेरीतील बुडापेस्ट येथे जागतिक स्पर्धा झाली. प्राथमिक फेरीतून पहिले पाच जण पुढे जाणार होते. अविनाश सातवा आला आणि त्याची स्पर्धा तेथेच संपली. रौप्यपदकाचा मान मिळवलेल्या खेळाडूला हा पराभव किती बोचला असेल! टीका करणारेही निघाले असतील. पण उत्तर तोंडाने द्यायचे नसते.

दीड महिन्यानंतर चीनमधील हांगझाऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. १ ऑक्टोबर २०२३ रोजी शर्यत सुरू झाली आणि थोड्याच वेळात अविनाश सर्वांच्या पुढे गेला. या वेळी त्याने कोणाच्या गतीची वाट पाहिली नाही. फेरीमागून फेरी अंतर वाढत गेले. पुढे कोणी नाही, शेजारी कोणी नाही. फक्त समोर येणारा अडथळा आणि त्यापलीकडची वाट. मांडव्याहून शाळेकडे धावणारा मुलगाही असाच एकटा धावत असे. अविनाशने ८ मिनिटे १९.५० सेकंदांत शर्यत जिंकली. दुसऱ्या क्रमांकाचा धावपटू त्याच्यापेक्षा चार सेकंदांहून अधिक मागे होता. आशियाई क्रीडास्पर्धांत या शर्यतीचे सुवर्णपदक मिळवणारा अविनाश हा पहिला भारतीय पुरुष ठरला. त्यानंतर तीनच दिवसांनी त्याने ५,००० मीटरच्या शर्यतीत रौप्यपदकही मिळवले.

२०२४ च्या जुलैमध्ये पॅरिस येथे त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. सहा वर्षांत त्याने आपल्या वेळेतून जवळजवळ वीस सेकंद कमी केले होते. पुढच्याच महिन्यात त्याच नगरीत झालेल्या ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष झाला. त्या फेरीत त्याचा क्रमांक अकरावा आला. टोकियोत जी फेरी हुकली होती, ती त्याने पॅरिसमध्ये गाठली. पदक मात्र दूरच राहिले. २०२५ च्या मे महिन्यात दक्षिण कोरियातील गुमी येथे त्याने आशियाई अजिंक्यपदाचे सुवर्णपदक मिळवले.

अविनाशची ही हकीकत विजयांची आहे, तशीच पराभवांचीही आहे. वजन वाढले, पाय अडखळले, गती चुकली, फेरी हुकली. पण प्रत्येक वेळी त्याने आपल्या पराभवाकडे नीट पाहिले आणि त्यातून पुढचे पाऊल उचलले. आणि प्रत्येक वेळी कोणीतरी त्याच्या शेजारी होते: आग्रह करणारे जवान, बळ ओळखणारे गुरू, पहाटे सोबत धावणारे साथी. जो आपल्याला आपली चूक सांगतो आणि ती सुधारेपर्यंत सोबत राहतो, तोच खरा मित्र.

मांडव्याच्या वाटेवर आजही सकाळी मुले शाळेला निघतात. त्या वाटेवर तुळया नाहीत, पाण्याचे खड्डे नाहीत. पण प्रत्येकाच्या आयुष्यात न पडणारे अडथळे असतातच. ते ढकलून पडत नाहीत. आपल्यालाच पाय उचलावा लागतो.

स्वाध्याय

१. अविनाशच्या लहानपणच्या परिस्थितीचे वर्णन चार-पाच वाक्यांत करा.
२. स्टीपलचेसचा अडथळा आणि छोट्या पल्ल्याच्या शर्यतीतील अडथळा यांत कोणता फरक आहे?
३. दोहा येथील प्राथमिक फेरीत अविनाशने धावणे थांबवले असते, तर काय झाले असते?
४. युजीन येथील पराभवाचे कारण कोणते? त्या चुकीपासून अविनाश काय शिकला, हे बर्मिंगहॅम आणि हांगझाऊ येथील शर्यतींच्या आधारे सांगा.
५. ‘धावण्याची शर्यत एकट्याची असते, पण धावपटू एकट्याने घडत नाही.’ या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : कसोटी लागणे, दाद मागणे, बळ एकवटणे, हाताशी घेणे.
७. इतरांचे पाहून तुमच्या हातून घडलेली एखादी चूक आणि ती सुधारण्यासाठी तुम्ही काय केले, हे दहा ओळींत लिहा.